कोरडी खाच

"दाजी, काड्या आल्या," एवढंच सांगून माझा मेहुणा दत्तू दुसऱ्याच कुणावर तरी ओरडायला लागला आणि फोन तसाच चालू राहिला. मी कानाला लावून उभा. पलीकडून ट्रॅक्टरची घरघर, बायकांचं बोलणं, ओलं पोतं खाली टाकल्याचा आवाज. सुनंदा, म्हणजे माझी बायको आणि त्याची थोरली बहीण, म्हणाली, "ठेवा आता. तो विसरला तुम्हाला." मी ठेवला. पण ते दोन शब्द ऐकले की मला काही वर्षांपूर्वीची एक दुपार आठवते, तशी ती यंदाही आठवली.

काड्या आल्या म्हणजे चांदवडकडच्या त्याच्या बागेत द्राक्षाचं कलम सुरू होणार. जमिनीत जंगली खुंट तयार असतात. त्यांना वरून छाटायचं, मधोमध चीर द्यायची आणि चांगल्या जातीच्या काडीला पाचरीसारखं तासून त्या चिरेत बसवायचं. मग प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. काड्या ओल्या गोणपाटातून येतात आणि फार दिवस वाट बघत नाहीत. शहरात तेव्हा पितृपक्ष चाललेला असतो, कुणी नवी गाडी घेत नाही, घराचं बोलणं करत नाही. बागेत मात्र पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या उतरतात आणि कामाला लागतात.

माझा द्राक्षाशी संबंध खाण्यापुरता. मी मिलिंगवाला. चौतीस वर्षं एका कंपनीच्या टूलरूममध्ये लोखंड कोरलं. ती बंद पडल्यावर तिथलंच एक जुनं मशीन घेऊन अंबडच्या एमआयडीसीत गाळा थाटला. भाद्रपदातल्या त्या गाळ्यात बसून बघा एकदा. पाऊस गेलेला नसतो आणि ऊन आलेलं असतं. पत्रा तापतो, जमिनीतून ओल वर येते, आणि काल पुसून ठेवलेल्या, काम धरायच्या व्हाइसवर सकाळी तांबूस गंज बसलेला असतो. अंगाला शर्ट चिकटतो. माझं डोकं एरवीही फार थंड नसतं, या दिवसांत तर सुनंदा माझ्याशी हातभर अंतर राखून बोलते.

त्या वर्षी अशाच एका दुपारी दत्तूनं सोनीबाईंना माझ्या गाळ्यावर आणून सोडलं. "दाजी, यांचं तेवढं काम करून द्या, मी काड्या घ्यायला चाललो," म्हणाला आणि गेला. सोनीबाई पन्नाशीच्या, बारीक, पेठकडच्या. कलमाच्या टोळीत वीस वर्षं कापायला असायच्या. टोळीत दोन कामं असतात, कापणं आणि बांधणं. कापणाऱ्यांचा हात चुकला तर कलम मरतं, म्हणून कापणारे चार-पाचच. बाकीचे मागून पट्टी बांधत येतात.

त्यांनी पिशवीतून एक फडकं काढलं. आत कलमाच्या सुरीच्या तीन मुठी होत्या. धावड्याच्या लाकडाच्या, कोयत्यानं तासून, काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत केलेल्या. दोन्ही बाजू सपाट आणि एका कडेला अंगठ्यापुरता खोलगट भाग. सोबत एक पातं, लोखंड कापायच्या हॅकसॉच्या जुन्या रुंद पातीतून घासून काढलेलं, दोन एमएम जाडीचं.

"दादा, ह्यात पातं बसवायचं हाय. खाच पाडून द्या. पातं हललं नाय पायजे, बाकी कसं बी चालंल."

मी म्हटलं, एवढंच ना? जरा रुंद खाच पाडतो आणि एपॉक्सीचं चिकट भरतो. दगडासारखं होईल.

त्यांनी उजवा अंगठा पुढे केला. मुळाशी पांढरा व्रण होता आणि अंगठा अर्ध्यावर वाकून थांबत होता. "तसंच केलं व्हतं एकानं. उन्हात चिकट फुटलं, पातं निसटलं नि हितं घुसलं. दोन वरसं झाली, मी पट्टी बांधते."

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, त्यामुळे मला जास्त लागलं. अंगठा पुरता मिटत नाही म्हणून बाजारातली बारीक मूठ हातात राहत नव्हती. जाड मूठ हवी आणि तिच्यात पातं असं बसायला हवं की जणू तिथंच उगवलंय. पातं केसभर जरी हललं तरी काप वाकडा येतो, काडी आणि खुंट यांच्यात फट राहते आणि कलम लागत नाही. उद्या सकाळी काम सुरू होणार होतं. त्यात कापणाऱ्यांच्या ओळीत उभं राहता आलं नाही, तर मुकादम त्यांना पुन्हा कधी कापायला घेणार नव्हता. तिसऱ्या वर्षी कोण कशाला थांबतं?

"होऊन जाईल," मी म्हणालो. हा माझा आवडता शब्दप्रयोग आहे आणि त्यानं मला आयुष्यात बऱ्याचदा तोंडावर आपटलंय.

आता या कामातली मेख सांगतो. दोन एमएमचं पातं घट्ट बसायचं तर खाच दोन एमएमचीच हवी, म्हणजे कटरही दोन एमएमचा. उदबत्तीची काडी डोळ्यासमोर आणा, साधारण तेवढाच. आणि त्यानं बारा एमएम खोल उतरायचं, बोटभर लांब जायचं. एवढा बारीक आणि लांब कटर जरा कुठे अडला की संपला. माझ्याकडे असे चार होते, टूलरूमच्या दिवसांपासून तेल लावून कागदात गुंडाळून ठेवलेले. शहरातल्या दुकानात मागवावे लागतात. मोबाइलवर मागवले तरी चार दिवस. मी लोखंडात याहून बारीक खाचा पाडल्या होत्या, म्हणून छातीठोकपणे पहिली मूठ व्हाइसमध्ये धरली.

कटर लाकडाला टेकला आणि माझा डावा हात कूलंटच्या कॉकवर गेला. यात विचार नव्हता. चौतीस वर्षांत कटर टेकला की ते दुधासारखं पाणी सोडायचं, एवढंच हाताला ठाऊक. लोखंड तापतं, कटर तापतो, पाणी दोघांना वाचवतं. गाळ्यात मदतीला असणारी सुनंदा पात्याला ठोकायच्या पितळी टाचण्या शोधत होती, सोनीबाई दाराशी चहा पीत होत्या. पहिले चार एमएम छान उतरलो. मग आवाज जाड झाला. मी हँडलवरचा हात सैल करेपर्यंत टच् असा आवाज आला आणि कटर गेला.

कटर तुटतो तेव्हा आवाज मोठा नसतो. पण गाळ्यात असलेल्या प्रत्येकाला तो कळतो. सुनंदानं वर बघितलं आणि पुन्हा टाचण्यांच्या डब्यात बोटं घातली. त्याचाच मला राग आला.

जुना होता कटर, मी स्वतःला सांगितलं. त्याच मुठीत दुसऱ्या टोकाकडून दुसरा लावला. दहा मिनिटांत तोही गेला. आता मला घाम फुटला. दुसरी मूठ घेतली, हात हळू केला, आणि शहाणपणा करून पाणी वाढवलं. होय, वाढवलं! लाकडाच्या खाचेतून पांढरं पाणी ओसंडून वाहत होतं आणि मी डोळे बारीक करून जगातला सर्वांत सावध माणूस असल्यासारखा उभा होतो. तिसरा कटर नऊ एमएमवर तुटला. तुकडा खाचेत असा रुतला की पकडीनं हलेना.

सोनीबाई उठून मशीनपाशी आल्या. त्यांनी मुठीवरून बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हे वलं कशानं झालं?"

"कूलंट आहे. कटर थंड राहायला."

"दोन वरसं चुलीवरच्या माळ्यावर ठिवलं व्हतं हे लाकूड. धुरात वाळवलं. पावसाळ्यात रोज हात लावून बघितलं वल तर नाय धरली. नि तुम्ही त्याला पाणी पाजलं?"

मी भडकलो. चूक आपली असली की मला हमखास राग येतो. "बाई, चौतीस वर्षं मशीनवर काढलीत मी. मला शिकवू नका."

"असंल दादा. पण लोखंडावर."

सुनंदा तोंडाला पदर लावून वळली. हसत होती की काय, मी बघितलं नाही.

सोनीबाई मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या. त्या माझ्याशी भांडतही नव्हत्या, समजावत होत्या. "आम्ही खुंट चिरतो ना, तवा सुरी लगेच भाईर काढतो. घटकाभर ठिवली का खुंट धरतो तिला, सोडत नाय. वलं लाकूड धरतंच. त्यानं धरावं म्हणूनच आम्ही वल्यात काडी घालतो. तुमचा तो काटा बी धरला त्यानं."

मी माप घ्यायचा व्हर्नियर काढला, कारण माझा माणसापेक्षा व्हर्नियरवर जास्त विश्वास. पहिल्या मुठीतली खाच मोजली. दोन एमएमच्या कटरनं पाडलेली खाच आता दोनची राहिलीच नव्हती. सोनीबाईंचं पातं तिच्यात शिरेना. पाणी पिऊन लाकूड दोन्हीकडून फुगलं होतं आणि मध्ये फिरणाऱ्या कटरला त्यानं चिमटीत धरलं होतं. एखाद्या नवशिक्यानं असं केलं असतं तर मी त्याला गाळ्याबाहेर काढला असता. मला लाज वाटली. कान गरम झाले, आणि तो गरमपणा दत्तूच्या फोनबरोबर दर भाद्रपदात परत येतो.

एक मूठ उरली होती आणि एक कटर.

मी सरळ सांगितलं, "सोनीबाई, हा पण तुटू शकतो. मग माझ्याकडे काही नाही."

त्या बराच वेळ तिसऱ्या मुठीवरच्या खोलगट भागात आपला अर्धा मिटणारा अंगठा ठेवून बसल्या. मला वाटलं, फडक्यात गुंडाळून जातील. गेल्या असत्या तर मी सुटलो असतो, हेही खरं. पण त्यांनी मूठ माझ्या हातात दिली आणि लाकडाच्या रेषा दाखवल्या. "हिकडून तिकडं जा. उलटं नका जाऊ, उलटं गेलं का कुसळं उठत्यात."

कूलंटचा नळ मी कॉकपासून उपटूनच टाकला, हाताचा भरवसा नव्हता. टेबल कोरडं पुसलं. पट्टा बदलून मशीन सर्वांत जास्त वेगावर नेलं, कारण लाकूड हळू कापलं की कुरतडलं जातं. खाचेच्या सुरुवातीला आधी ड्रिलनं एक भोक घेतलं, म्हणजे कटरला लाकडात डोकं खुपसत उतरायला नको. आणि ठरवलं, एका फेरीत अर्धा एमएम. बारा एमएमसाठी चोवीस फेऱ्या. प्रत्येक फेरीनंतर खाचेतला भुसा पूर्ण बाहेर, कारण भुसा कोंडला तरी तेच होतं, कटरला मागे सरकायला जागा राहत नाही.

भुसा उडवायला मी कॉम्प्रेसरची नळी उचलली. सोनीबाईंनी आपला तळहात तिच्यापुढे धरला. "मारा." मी मारली. तळहातावर बारीक थेंब उठले. दमट हवेत कॉम्प्रेसर पाणी थुंकतो हे मला माहीत होतं, अगदी रोजचं माहीत होतं, तरी मी ती नळी लाकडावर धरणार होतो. मी नळी खाली ठेवली. सुनंदा बाहेर गेली आणि शेजारच्या गाळ्यातून सायकलचा पंप घेऊन आली.

मग सुरू झालं. एक फेरी, हँडल थांबव, टेबल खाली घे, सुनंदाचा पंप फुस्स, ब्रश, टेबल वर, पुन्हा अर्धा एमएम. पहिल्या दहा फेऱ्यांत काही नव्हतं. अकराव्यापासून कटर नजरेआड व्हायला लागला आणि मी कान जवळ नेला. इतक्या जवळ जाऊ नये, कुणालाही सांगणार नाही. पण आत काय चाललंय ते आता फक्त आवाजातून कळणार होतं. कोरड्या लाकडात कटर बारीक सळसळतो, सुपात तांदूळ हलवल्यासारखा. त्या सळसळीत जरा घोगरेपणा आला की थांबायचं. माझ्या पाठीतून घाम ओघळत होता आणि तो मुठीवर पडू नये म्हणून मी मान वाकडी धरली होती. सोनीबाई हळू आवाजात फेऱ्या मोजत होत्या. चौदा. पंधरा.

एकोणिसाव्या फेरीत अर्ध्यावर असताना दिवे गेले.

मशीनचा फिरणारा स्पिंडल मंदावत मंदावत थांबला, कटर साडेनऊ एमएम आत, लाकडात. वीज परत आली आणि तो तसाच झटक्यात फिरला तर संपलं. मी आधी बटण बंद केलं. मग अंधूक उजेडात टेबल खाली घ्यायला लागलो, केसाकेसानं. खाली येताना मूठ जराशी जरी तिरपी ओढली गेली तरी कटर दोरीसारखा वाकणारा नव्हता. चौतीस वर्षांत हजारो जॉब केले, त्यात कुणाचा काय जीव अडकलाय हे मला कधी माहीत नसायचं. ड्रॉइंग यायचं, माप यायचं, जॉब जायचा. इथं जिचा जीव अडकला होता ती बाई माझ्या कोपरापाशी श्वास रोखून उभी होती. कटर बाहेर आला. अख्खा होता.

वीज यायला पाऊण तास लागला. त्या वेळात आम्ही तिघं दाराशी बसलो. सुनंदानं त्यांना विचारलं, दोन वर्षं पट्टी बांधताना कसं वाटलं. त्या म्हणाल्या, "पुढच्यानं वाकडं कापलेलं दिसायचं. तरी बांधायचं. हे मरणार हाय, ठावं असायचं, नि बांधत जायचं." मी त्यावर आजवर पुष्कळ विचार केला आहे. कंपनीच्या शेवटच्या वर्षी मीही वाकडे आलेले जॉब पुढे पाठवत होतो, कुणी विचारत नव्हतं म्हणून. तेव्हा मला ते कुणाला सांगता आलं नव्हतं.

उरलेल्या साडेपाच फेऱ्यांबद्दल काय लिहू? त्या झाल्या. एकविसाव्या फेरीत आवाज घोगरा झाला, मी थांबलो, सुनंदानं चार वेळा पंप मारला तेव्हा आतून दाबलेल्या भुशाची एक गोळी उडाली आणि सळसळ परत आली. चोविसावी फेरी संपली, टेबल खाली आलं, मी मशीन बंद केलं. मोठा श्वास सोडला, मूठ व्हाइसमधून काढायला हात घातला आणि मनगटाचा धक्का कटरला बसला. टच्. चौथाही गेला.

काम झाल्यावर कटर तोडणारा मी पहिला मिलिंगवाला नाही. आधी सुनंदा हसली, मग मी. सोनीबाईंना काय झालं ते क्षणभर कळलं नाही, त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी घाईघाईनं मूठ त्यांच्या हातात दिली. त्यांनी पातं खाचेला लावलं. अंगठ्यानं दाबलं, जाईना. तळहातानं ठोकलं, गेलं. मग पातं धरून मूठ हलवायचा प्रयत्न केला, दातांत धरून केला, माझ्याकडे देऊन मला करायला लावला. जरा म्हणून हललं नाही. सुनंदानं दोन भोकं घेऊन पितळेच्या टाचण्या ठोकल्या. सोनीबाईंनी पिशवीतून एक हिरवी काडी काढली, एकाच ओढीत तिरकी कापली आणि दोन तुकडे परत एकमेकांवर ठेवून दाराच्या उजेडात धरले. मीही वाकून बघितलं. मधून उजेड येत नव्हता.

"आता दादा, तुमच्या यंत्राला शिव्या देणार नाय मी," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मला बागेत जायचं काही कारण नव्हतं. सुनंदाला म्हटलं, दत्तूकडे बऱ्याच दिवसांत गेलो नाही. ती म्हणाली, "हो, गेल्याच रविवारी तर गेलो होतो," आणि चप्पल घालून आधी तीच निघाली. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं नुकतीच बागेवर आली होती. खुंटांच्या ओळी दूरवर गेलेल्या, बांधावर ओल्या गोणपाटात काड्या, आणि टोळीतली पंधरा-वीस माणसं उभी. सोनीबाई मधे कुठेतरी होत्या. आमच्याकडे त्यांनी बघितलं की नाही कळलं नाही.

मुकादम तरुण होता, घाईत होता. त्यानं पट्ट्यांचे गठ्ठे उचलले आणि ओरडला, "चला, पट्टीवाले हात वर करा."

हात वर जायला लागले. त्यानं मोजता मोजता सवयीनं एक गठ्ठा सोनीबाईंच्या पुढे धरला आणि तसाच धरून राहिला. "मावशी, घ्या ना."

सोनीबाईंचा हात वर गेला नाही, गठ्ठ्याकडेही गेला नाही. तो कमरेला खोचलेल्या नव्या सुरीच्या मुठीवर होता. त्या ओळीतून निघाल्या, पहिल्या खुंटापाशी जाऊन वाकल्या आणि मुकादमाकडे न बघता म्हणाल्या, "काडी दे."